आखाजी झाली की तोरणमाळ: दोघांसाठी, दोन सायकलींवर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी असते. झोका, आमरस, खापरावरचे मांडे सगळं होतं. परत शहाद्याला आले की हे संध्याकाळी तासभर लवकर दुकानातलं काम आवरून माझी सायकल दोराला टांगतात आणि चाकं फिरवून बघतात. म्हणजे सातपुड्यातल्या तोरणमाळचं, आमच्या थंड हवेच्या ठिकाणाचं, ठरलं. यंदाची आमची सहावी खेप. ह्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे सायकलीबद्दल खाली जे लिहिलंय ते त्यांचं, बाकीचं माझं.

शहादा समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास, आणि तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर. हजार मीटर वर गेलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी उतरते. खाली ४३ असेल तर वर दुपारी छत्तीस-सदतीस, म्हणजे दुपार तिथेही तापतेच. खरं सुख रात्रीचं. यशवंत तलावावरून वारा सुटला की मे महिन्यात अंगावर चादर घ्यावी लागते. खान्देशातल्या माणसाला ह्याहून जास्त काय सांगायचं.

पण त्या चादरीपर्यंत पोचायला घाट आहे, आणि घाट घड्याळ बघून चढायचा. पहिल्या वर्षी आम्ही म्हसावदहून सकाळी आठला निघालो. नाश्ता केला, चहा घेतला, मग निवांत. दहा वाजता घाटात सागाला एक पान नव्हतं, डांबरातून वाफ लागत होती. माझा घाम थांबला, डोकं जड झालं आणि मी ह्यांना काहीतरी भलतंच बोलायला लागले. त्यांनी मला पुलाखाली सावलीत बसवलं, ओढणी भिजवून मानेवर, काखेत ठेवली आणि वाटेवरच्या जीपमधून परत खाली दवाखान्यात आणलं. घाम थांबणं आणि बोलणं भरकटणं ही दोन चिन्हं दिसली की ‘थोडं बसू, मग निघू’ असं करायचं नाही. थेट गार करायचं आणि दवाखाना गाठायचा.

तेव्हापासून आमचा नेम असा. आदल्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर शहादा, म्हसावद करत राणीपूरला मुक्काम. तिथे ह्यांच्या ओळखीचं घर आहे. तुमचं नसेल तर सायकली पिकअपमध्ये टाकून पहाटे राणीपूरला उतरा. फटफटलं की चढाला लागायचं, अंधारात नाही, कारण वळणावर जीपवाल्याला तुम्ही दिसत नाही. मागे लाल दिवा तरीही लावा. काळापाणी गाव मागे टाकून सात पायरीचा घाट ऊन चढायच्या आत पार झाला पाहिजे. आम्हाला वर पोचायला चार-साडेचार तास लागतात, त्यात बराच रस्ता मी चालते.

हेच जोडीने जाणाऱ्यांना मला सगळ्यात आधी सांगायचंय. पुढे जाऊन वळणावर थांबणारा माणूस सोबत करत नसतो. तो थांबून ताजा होतो, मागचा पोचला की लगेच निघतो, आणि मागच्याला विश्रांती मिळतच नाही. आमच्यात मी पुढे असते, हे मागे. वेग माझा. तंबू, खुंट्या, भांडी ह्यांच्या कॅरिअरवर, कपडे आणि दशम्या माझ्या. तीन पट्टीला दोन पट्टी असं वजन वाटलं तेव्हा कुठे आमचा दम सारखा लागायला लागला. मी घाई केली की मागून आवाज येतो, “दम खाय वं, घाई काय शे?”

पाणी माणशी चार लिटर घेऊन निघा आणि तहान लागायची वाट बघू नका. त्यातल्या एका बाटलीत लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. जास्त मीठ घालू नका, त्याने उलट अपायच होतो. खायला दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा. दशम्या पहिल्याच दिवशी संपवा, ह्या उन्हात दुसऱ्या दिवसाचा भरवसा नाही.

वर पोचल्यावर तळं दिसलं म्हणून वाटेल तिथे तंबू ठोकायचा नाही. भोवतालचं जंगल राखीव आहे, बिबट्याचा वावर सातपुड्यात आहेच. आम्ही एका निवासाच्या आवारात विचारून, थोडं भाडं देऊन जागा घेतो. चूल तर अजिबात नको. फेब्रुवारी ते जून हे वणव्याचे दिवस, आणि सागाचा पाचोळा एका ठिणगीला पुरतो. आम्ही वर हॉटेलातच जेवतो.

जमीन मुरमाड, खुंट्या चार बोटांपलीकडे जात नाहीत. तेव्हा प्रत्येक खुंटीवर दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा दगड ठेवा. तंबूचं दार वाऱ्याच्या पाठीला. मेच्या शेवटी संध्याकाळी वावधान, म्हणजे वादळी वारा, येतं, एकदा आमच्या शेजारच्यांचा तंबू लोळत कुंपणाला जाऊन अडकला होता.

दुसरा दिवस बिनवजनाचा. सकाळी तळ्याच्या काठच्या रस्त्याने सायकल, गोरक्षनाथांचं देऊळ, सीताखाई. खाईचा धबधबा पावसाळ्यातला, मेमध्ये कोरडा कडा बघायचा. अकरा ते चार सावलीत पडून राहायचं. पाण्यात उतरू नका, तळाला गाळ आहे.

पंक्चर होणारच, कारण सपाटीवर वेडी बाभूळ आहे. ट्यूब काढून, हवा भरून पातेल्यातल्या पाण्यात फिरवा. बुडबुड्यांची बारीक माळ निघेल तिथे पेनाने गोल करा. पुसा, कानशीने घासा, सोल्युशन लावून ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मगच पॅच दाबा. लोक इथेच घाई करतात. आणि ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवा. काट्याचं टोक रबरात तसंच रुतलेलं असतं. गेल्या वर्षी माझ्या टायरमध्ये नखाएवढं टोक होतं, बाहेरून काही दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे उतार. भरल्या सायकलीला सतत ब्रेक दाबून ठेवला की रिम तापते आणि उतारावरच ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी जोरात दाबा, सोडा, मागचा-पुढचा दोन्ही वापरा. दर दोन-तीन वळणांनी थांबून रिमच्या जवळ हात न्या. धग लागली तर दहा मिनिटं बसा. निघण्याआधी ब्रेकची रबरं बघा, त्यांवरच्या खाचा झिजल्या असतील तर दुकानातच बदला. वर सायकलीचं सामान मिळेल ह्या आशेवर जाऊ नका.

ह्या थांब्यांवरच मला आमचूर दिसतं. कैऱ्या सोलून, कापून पावरा-भिलांच्या बाया खडकावर, अंगणात वाळत घालतात. पहाटे त्या फोडी मऊ असतात, उन्हं आली की पुन्हा कडक. वास घाटभर. पाण्याच्या बाटल्या तोवर रिकाम्या झालेल्या असतात, पिशवीत जागा असते. घासाघीस न करता दोन किलो घेते, एक घरात, एक माहेरी.