खारं पाणी गोठवून गोडं करताय? मग या चुका टाळा

बर्फाच्या स्फटिकात मिठाला जागा नसते, हे खरं आहे. पण तेवढ्या एका वाक्याच्या भरवशावर लोक जे उद्योग करतात, ते बघून कपाळाला हात लावावा लागतो.

डबा पूर्ण गोठवणं. सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लाडकी चूक. प्रकार ठरलेला असतो. २ लिटर पाण्यात ७० ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण समुद्राच्या पाण्याइतकं. डबा रात्रभर उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये. सकाळी दगडासारखा गोळा काढायचा, वितळवायचा, घोट घ्यायचा आणि थुंकायचा. मग काही जण पद्धतीलाच नावं ठेवतात, काही जण तेच पाणी पुन्हा गोठवतात, पुन्हा वितळवतात. अहो, डब्यातून काही बाहेरच काढलं नाही, तर मीठ जाणार कुठे?

हे पाणी उणे २ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. बर्फ होतो तो पाण्याचा. मीठ उरलेल्या द्रावणात साचत जातं आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली ढकलतं. निम्मं पाणी गोठेपर्यंत उरलेलं द्रावण ७ टक्क्यांचं झालेलं असतं आणि ते उणे ४.५ अंशांपर्यंत द्रवच राहतं. मिठाचं द्रावण पूर्ण घट्ट व्हायला उणे २१ अंश लागतात. म्हणजे उणे १८ ला तो दगड आतून ओलाच असतो. बर्फाच्या पात्यांमधल्या फटींत सुमारे ३३० ग्रॅम द्रावण अडकलेलं असतं, तेही २१ टक्क्यांचं. सगळं मीठ तिथे आहे.

म्हणून एक तृतीयांश बर्फ झाला की थांबा, तो थर बाहेर काढा आणि खाली उरलेलं खारट पाणी टाकून द्या. पाण्याची खोली १२ सेंटीमीटर असेल, तर ४ सेंटीमीटर जाडीचा थर पुरे. किती तासांत, ते विचारू नका; फ्रीजर, डबा आणि भरलेलं पाणी यांवर ते ठरतं. दर तासाला उघडून बघा. तेवढा धीर नसेल तर हा नाद सोडा.

चहूबाजूंनी गोठवणं. बर्फाच्या ट्रेमध्ये किंवा उघड्या धातूच्या डब्यात पाणी सगळीकडून गोठतं आणि मीठ मध्यभागी कोंडलं जातं. डब्याच्या बाजूंना आणि तळाला थर्माकोल लावा, वरचं तोंड उघडं ठेवा. थर वरून खाली वाढतो आणि जड खारट द्रावण खाली उतरून जातं. फ्रीजरचं तापमान जमेल तितकं कमी थंड ठेवा. घाईने वाढलेला बर्फ पात्यापात्यांचा होतो, मधल्या फटींत मीठ धरून ठेवतो. मधूनमधून थराखालचं पाणी हलकेच ढवळलं तर उत्तमच.

बर्फाचा खडा न टाकणं. शांत ठेवलेलं पाणी गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रव राहू शकतं आणि मग एकदम भुसभुशीत गोठतं. थंड झालेल्या पाण्यात गोड्या पाण्याच्या बर्फाचा कण टाका, काम झालं.

काचेची बाटली. बर्फ सुमारे ९ टक्के फुगतो. पुढचं सांगायला नको.

बर्फ निथळू न देणं. दुसरी मोठी चूक, आणि इथे तर भलेभले घाई करतात. बर्फाचा थर काढला, सरळ पातेल्यात वितळवला! त्याच्या अंगाला आणि फटींत द्रावण असतंच. थर फोडून तुकडे चाळणीत ठेवा, चाळणी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. पहिलं ठिबकणारं पाणी सर्वांत खारट असतं. माझ्या हिशेबात बर्फाचा पहिला पाव हिस्सा सरळ टाकून द्यायचा. मन फार घट्ट असेल तर तिसरा हिस्सा. मग शून्याच्या जवळ गार केलेलं थोडंसं गोडं पाणी तुकड्यांवरून झटकन ओता. नळाचं कोमट पाणी ओतलंत तर धुण्याऐवजी बर्फच वाहून जाईल.

एका फेरीत समुद्राचं पाणी पिण्याजोगं होईल ही आशा सोडा. वितळलेलं पाणी पुन्हा याच क्रमाने गोठवायचं. दोन फेऱ्या, कधी तीन. दर फेरीत पाणी घटतं. ते टाळण्याची युक्ती कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, आंधळा विश्वास. बरेचसे खिशातले मीटर ९,९९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग क्षार) पुढे वाचत नाहीत. मूळ पाणी मोजायचं असेल तर १ भागात ९ भाग डिस्टिल्ड वॉटर मिसळा आणि आकडा दहापट करा. बर्फगार पाणी मोजू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ६०० पीपीएमच्या खालचं पाणी चवीला चांगलं मानलं जातं. १,००० च्या पुढे ते मचूळ लागायला लागतं. आणि मीटरला फक्त विरघळलेले क्षार कळतात. जंतू त्यात दिसत नाहीत आणि गोठवल्याने ते सगळे मरतही नाहीत, तेव्हा प्यायचं असेल तर आधी उकळा.