उद्या मशीनवर आधी काय लावायचं? नियम निवडायचं काम कॉम्प्युटरला कसं द्यावं

नाशिकच्या अंबडला आमचं छोटं मशीन शॉप आहे. तीन सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), दोन व्हीएमसी (तशीच मिलिंग मशीन) आणि रोज संध्याकाळचं एक ठरलेलं भांडण: उद्या आधी काय लावायचं? पूर्वी ज्या पार्टीचा आवाज फोनवर मोठा, तिचा जॉब पहिला. आता साडेसहाला ऑफिसातला लॅपटॉप यादी काढतो. एक्सेल आणि थोडं पायथन येत असेल तर तुम्हालाही हे जमेल.

सुरुवात वहीपासून करा, प्रोग्रामचं नंतर बघू. प्रत्येक जॉबचे चार आकडे हवेत: सेटिंगची (मशीन त्या जॉबसाठी तयार करायची) मिनिटं, सायकल टाइम म्हणजे एक नग बनायला लागणारा वेळ, नग किती आणि माल दारातून कधी निघायला हवा. सायकल टाइम कोटेशनमधून उचलू नका, तो ऑर्डर मिळावी म्हणून लिहिलेला असतो. मागच्या दहा वेळांच्या नोंदी घ्या, लहान-मोठ्या क्रमाने लावा आणि मधला आकडा धरा (दहांत मधले दोन येतात, त्यांच्या मधोमधचा). सगळ्यांची सरासरी नको, इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) तुटलेला एकच दिवस ती बिघडवतो. निघायची वेळही खरी लिहा. आमचा हीट ट्रीटमेंटचा टेम्पो दुपारी २ ला सातपूरकडे निघतो, म्हणजे शाफ्टची वेळ २. नुसतं ‘आज’ लिहून भागत नाही.

आता एकाच मशीनचा एक दिवस आणि चार जॉब घेऊ. सकाळी ८ ला सुरुवात, १२ तासांची पाळी. फ्लँजला सेटिंगसकट ५ तास, हवा दुपारी १ ला. शाफ्टला ४ तास, हवा २ ला. पिनला २ तास, हवी ५ ला. बुशला १ तास, हवा रात्री ८ ला.

‘ज्याची वेळ आधी तो आधी’ या नियमाने फ्लँज, शाफ्ट, पिन, बुश असा क्रम लागतो. शाफ्ट ३ तास उशिरा, पिन २ तास. दोन पार्ट्या नाराज, पण फार कुणीच रखडत नाही. ‘छोटा जॉब आधी’ लावला तर जॉब सरासरी पावणेसहा तासांत मोकळा होतो (पहिल्या नियमात सव्वानऊ), पण शाफ्टचा टेम्पो एका तासाने चुकतो आणि फ्लँज थेट रात्री ८ ला. तिसरा नियम मूर नावाच्या संशोधकाचा, १९६८ सालचा. वेळेच्या क्रमाने जॉब मांडत जा. एखादा उशिरा जातोय असं दिसलं की तोवर मांडलेल्यांतला सगळ्यात लांब जॉब उचलून शेवटी टाका. इथे फ्लँज शेवटी जातो. उशीर त्या एकट्यालाच, पण ७ तासांचा.

बरोबर कोणता? ते तुम्हाला कशाचा फटका बसतो यावर आहे. म्हणून प्रत्येक जॉबपुढे तासाभराच्या उशिराची किंमत रुपयांत लिहा. टेम्पो चुकला तर अख्खा दिवस जातो, तिथे तासाचा हिशेब न लावता ठोक रक्कम टाका. हे आकडे मालकांसोबत बसून ठरवा, नंतरची वादावादी वाचते. मग प्रोग्रामने सगळे नियम चालवायचे, प्रत्येकाचा खर्च काढायचा आणि सगळ्यात स्वस्त क्रम छापायचा. सेकंदभराचं काम आहे, इथे अजून कसलीही हुशारी लागत नाही.

हुशारी लागते ती एकच जॉब तीन-चार मशीनवरून फिरू लागला की. तेव्हा ओआर-टूल्स हे गूगलचं फुकट मिळणारं, चांगला क्रम शोधणारं सॉफ्टवेअर वापरा, पण त्याला वेळेची मर्यादा घाला, आम्ही दहा मिनिटं देतो. १० जॉब, १० मशीन असा १९६३ सालचा एक नमुना-प्रश्न आहे. त्यातलं सगळं काम उरकायला लागणारा सर्वांत कमी वेळ ९३० एककं, हे सिद्ध व्हायला १९८९ साल उजाडलं. आपल्याला रात्रीपर्यंत यादी हवी असते.

मग कोणत्या दिवशी कोणती पद्धत, हे कॉम्प्युटरने ठरवायचं. संगणकशास्त्रज्ञ जॉन राइस यांनी १९७६ साली हाच प्रश्न नीट मांडला: आधी कामाची लक्षणं मोजा, मग त्यावरून पद्धत निवडा. आमची लक्षणं तीन. जॉब किती, कामाचे तास आणि हातातले तास यांचं प्रमाण आणि त्यात सेटिंगचा वाटा. तीन महिने रोज सगळ्या पद्धतींचा खर्च नोंदवा. मग दोन बेरजा करा: रोज एकच चांगला नियम वापरला असता तर किती, आणि रोज त्या दिवसाचा सर्वोत्तम वापरला असता तर किती. फरक किरकोळ असेल तर हा उद्योग इथेच सोडा, खरंच. आमच्याकडे सेटिंगचा वाटा वाढला की एका कॉलेटचे (मशीनमध्ये सळई धरणाऱ्या पकडीचे) जॉब लागोपाठ लावणारा नियम जिंकायचा, म्हणून दोन-तीन प्रश्नांचा निर्णयवृक्ष, म्हणजे हो-नाही विचारत नियमापर्यंत नेणारा तक्ता, पुरला. त्याची परीक्षा मात्र पुढच्या, त्याने न पाहिलेल्या आठवड्यांवर घ्या.

रोजच्या वेळेला विंडोजचा टास्क शेड्युलर पुरतो. एक खोडी लक्षात ठेवा: लॅपटॉप चार्जरवर असेल तरच काम सुरू करायचं, अशी खूण त्यात आधीपासून केलेली असते. एका पावसाळी संध्याकाळी लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर, यादी आलीच नाही आणि सकाळी पुन्हा तेच भांडण. ती खूण काढा, आणि चुकलेलं काम जमेल तेव्हा लगेच चालवायचा पर्याय चालू करा. मशीनवर चढलेला जॉब यादीने उतरवायचा नाही, हेही प्रोग्राममध्ये पक्कं लिहा.

यादी कागदावर छापा आणि शेजारी रिकामी जागा सोडा. मशीन सेट करणारे आमचे सेटर मामा पेनने खोडतात, “ताई, हे नाही लागणार,” आणि कारण लिहितात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘२५ च्या कॉलेटला चीर आहे’. माझ्या चार आकड्यांत ते कुठेच बसेना. आता तक्त्यात कॉलेटचा वेगळा खाना आहे आणि तो रोज पाचला मामाच भरतात.