केनिया-टांझानियातल्या मारा-सेरेंगेटीला जाताय? कॅमेऱ्यासाठी बीनबॅग घरीच शिवा

सफारीच्या जीपमध्ये ट्रायपॉड लावायला जागाच नसते आणि मोठी लेन्स हातात धरली की सिंहाचा फोटो हमखास हललेला येतो, त्यात छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान बहुतेक १५ किलोच नेता येतं. म्हणून ही बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायला धान्य भरलेली छोटी उशी.

१. जुन्या खाकी पँटचा गुडघ्याखालचा पाय कापा, एक तोंड शिवा, दुसऱ्याला चेन लावा.
२. रिकामीच न्या, नैरोबी किंवा अरुशात दोनेक किलो तांदूळ घेऊन भरा, पण गच्च नको, थोडी ढिली ठेवा म्हणजे लेन्स नीट बसते.
३. खिडकीवर ठेवा, ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर थरथरीने फोटो हलतो. (हे सगळे विसरतात!)

जीन्सचा पाय मात्र वापरू नका, निळ्या-काळ्या रंगावर त्सेत्से माश्या येतात आणि त्या कपड्यावरूनही चावतात.