बुरशीच्या जीनोममध्ये ट्रान्सपोझॉन कसे साचले, हे कसे तपासावे

सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांना सोयाबीनवरचा तांबेरा चांगलाच ठाऊक आहे. तो ज्या बुरशीमुळे होतो, त्या फॅकोप्सोरा पॅकिऱ्हिझीचा जीनोम, म्हणजे तिचा संपूर्ण डीएनए, 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे दोन्ही संच मिळून सुमारे 1.25 अब्ज बेस (डीएनएची अक्षरे) भरतात आणि त्यांपैकी जवळजवळ 93 टक्के भाग ट्रान्सपोझॉनचा, म्हणजे जीनोममध्ये जागा बदलणाऱ्या वा स्वतःच्या नकला घुसवणाऱ्या डीएनए-तुकड्यांचा, आहे. याउलट, बेकरीतल्या यीस्टच्या 1.2 कोटी बेसांच्या जीनोममध्ये तो 3 टक्क्यांच्या आसपास आहे. मात्र केवळ या टक्केवारीवरून निष्कर्ष काढू नये, कारण आज दिसणारा साठा म्हणजे किती नकला घुसल्या आणि त्यांतल्या किती गळाल्या वा झिजल्या, यांची वजाबाकी असते.

प्रथम जीनोमची जुळणी लांब वाचनांवरून (यंत्राने सलग वाचलेल्या लांब डीएनए-तुकड्यांवरून) केलेली आहे ना, हे पाहावे. आखूड वाचनांच्या जुळणीत एकसारख्या नकला एकमेकींवर कोसळून एकच दिसतात, आणि नेमक्या सर्वांत ताज्या नकलाच त्यामुळे हरवतात. त्यानंतर रिपीटमॉडेलर या संगणक-प्रणालीने ट्रान्सपोझॉनची कुटुंबे शोधावीत व रिपीटमास्कर या दुसरीने त्यांच्या जागा नोंदवाव्यात. रोगकारक बुरशींत स्वतःची जनुकेही अनेक प्रतींत असू शकतात. ती या यादीत शिरली असल्यास हाताने वगळावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळण्याजोगे नाही.

नकलांचे वय काढण्यासाठी एलटीआर रेट्रोट्रान्सपोझॉन (आरएनएमार्गे नकला करणारे, दोन्ही टोकांना एलटीआर हा लांब पुनरावृत्त तुकडा असलेले ट्रान्सपोझॉन) सर्वांत सोयीचे, कारण घुसतेवेळी त्यांच्या दोन्ही टोकांचे एलटीआर सहसा एकसारखे असतात व पुढे प्रत्येकात स्वतंत्रपणे बदल साचतात. समजा, एका जोडीत 100 बेसांमागे 2 फरक आहेत आणि उत्परिवर्तनाचा दर प्रतिबेस प्रतिवर्ष 10 कोटीत 1 मानला, तर 0.02 ला दराच्या दुपटीने भागून वय 10 लाख वर्षे येते. बहुतेक नकला एकाच वयाच्या आसपास गोळा झालेल्या दिसल्या, तर त्या काळी नकलांची उसळी झाली असावी. दर मात्र गृहीतच असतो, म्हणून आकड्यांपेक्षा नकलांच्या क्रमावर अधिक भरवसा ठेवावा.

बुरशींत येथे एक खास सापळा आहे. न्यूरोस्पोरा क्रॅसा या बुरशीमध्ये 1980 च्या दशकात एरिक सेल्कर व सहकाऱ्यांनी दाखवलेली ‘रिप’ ही यंत्रणा लैंगिक चक्रात एकापेक्षा जास्त प्रती असलेला डीएनए ओळखून त्यातील सी चे टी करते (ए, टी, सी, जी ही बेसांची नावे), विशेषतः सी नंतर ए असेल तेथे. असे बदल एका पिढीतच थोकाने होत असल्यामुळे कालची नकलही लाखो वर्षे जुनी भासते. म्हणून टीए आणि एटी या जोड्यांचे गुणोत्तर आधी मोजावे; ते वाढलेले असल्यास सी-टी व जी-ए हे फरक बाजूला ठेवून उरलेल्या फरकांवरूनच नकलांची तुलना करावी.

शेवटी गळतीची मोजदाद करावी. दोन एलटीआर आपसात जुळून मधला भाग निघून गेला, की एकटा एलटीआर मागे उरतो; असे एकटे एलटीआर मोजावेत. यीस्टमधील टाय या एलटीआर रेट्रोट्रान्सपोझॉनचे बहुतांश अवशेष असेच एकटे आहेत.