आखाजीला सोने घेताना

साडेतीन मुहूर्तांपैकी अक्षय्य तृतीया म्हणजे खान्देशची आखाजी. या दिवशी केलेले क्षय पावत नाही, या श्रद्धेतून सोनेखरेदीची चाल पडली. आपल्याकडे मात्र हा सण आधी पितरांच्या घागरीचा, माहेरी आलेल्या लेकींचा आणि झोक्यावरच्या अहिराणी गाण्यांचा आहे. सालदाराचे (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे) नवे सालही याच दिवसापासून धरतात. म्हणून घागर पुजून, आमरस-पुरणपोळीचे जेवण उरकून मगच सराफ्यात जावे, असे मला मनापासून वाटते.

जळगावच्या सराफ बाजारात त्या दिवशी मोठी गर्दी असते. त्यामुळे दागिना आठवडाभर आधी पसंत करून ठेवावा आणि मुहूर्तावर फक्त ताब्यात घ्यावा. मात्र भाव नोंदणीच्या दिवशीचा लागणार की घेण्याच्या दिवशीचा, हे लेखी घ्यावे.

दुकानात भिंग मागावे. बांगडीच्या आतल्या अंगाला बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) त्रिकोणी चिन्ह, २२ कॅरेटसाठी ९१६ हा शुद्धतेचा आकडा आणि अक्षरे-अंक मिळून सहा खुणांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, कोरलेला दिसतो. हा क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांवर सक्तीचा आहे आणि ‘बीआयएस केअर’ ॲपवर तिथल्या तिथे पडताळता येतो. खड्यांचे वजन वेगळे काढून निव्वळ सोन्याचाच भाव द्यावा. ‘घडणावळ माफ’ अशी पाटी दिसली तर ग्रॅमचा दर दुसऱ्या दुकानाशी ताडून पाहावा. ३ टक्के जीएसटीसह पक्के बिल घेतल्याशिवाय उठू नये. पुढे मोड घालताना तेच कामी येते.