किबानात चार्ट काढायला बसण्याआधी

किबाना म्हणजे इलॅस्टिकसर्च या डेटाबेसमधला डेटा ब्राउझरमध्ये दाखवणारं साधन. सोमवारच्या मीटिंगला महापेच्या ऑफिसात जुलै 2025च्या डिलिव्हरी तक्रारींचा नोडनुसार (म्हणजे नवी मुंबईतल्या वाशी, नेरूळ अशा भागांनुसार) चार्ट लावायचा असेल, तर लेन्स, म्हणजे किबानाचं चार्ट काढायचं पान, उघडायची घाई नको. खरं काम डिस्कव्हरमध्येच, म्हणजे रेकॉर्ड शोधायच्या पानावरच, उरकायचं असतं.

डेटा व्ह्यू (कोणता डेटा बघायचा ती निवड) टेस्टचा नाही ना, एवढं बघून घ्या आणि वेळेकडे वळा. किबानाची मूळ रेंज मागच्या 15 मिनिटांची असते. ‘डेटाच दिसत नाही’ ही ओरड बहुतेकदा तिथूनच येते. 1 जुलै 00:00 ते 31 जुलै 23:59:59 अशी पक्की रेंज टाका. ‘मागचे 30 दिवस’ लावलंत तर शुक्रवारचा आकडा सोमवारी जुळणार नाही.

आता एक ओळखीची तक्रार घ्या, जिची वेळ तुम्हाला कागदावरून ठाऊक आहे, आणि तीच डिस्कव्हरमध्ये शोधा. रात्री 8 ची तक्रार दुसऱ्या दिवशी पहाटे 1:30 ला दिसली, तर लॉगमध्ये आपली वेळ टाइमझोनशिवाय लिहिली जातेय. इलॅस्टिकसर्च ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं आणि किबाना ब्राउझरप्रमाणे वर साडेपाच तास चढवतं. मग संध्याकाळी 6:30 नंतरची प्रत्येक तक्रार पुढच्या दिवसाच्या बारमध्ये जाऊन बसते. किबानाचा टाइमझोन यूटीसी केला की चित्र सरळ दिसतं खरं, पण ती मलमपट्टी झाली. लॉग इलॅस्टिकसर्चमध्ये चढवणाऱ्या लॉगस्टॅशच्या डेट फिल्टरमध्ये टाइमझोन म्हणून Asia/Kolkata लिहा आणि जुना डेटा पुन्हा चढवा.

नोडच्या नावांसाठी वेळ राखून ठेवा. त्या फील्डची सगळी मूल्यं एकदा टेबलात काढून डोळ्यांखालून घाला. कोपरखैरणे, कोपर खैरणे, कोपरखैराणे. नेरूळ आणि नेरुळ. माणसाला एकच, पण मूल्य जसंच्या तसं साठवणाऱ्या कीवर्ड फील्डला सगळी वेगळी, शेवटी एक रिकामी जागा राहिली तरीसुद्धा. अशाने कोपरखैरण्याचा बार तीन तुकड्यांत फुटतो आणि वाशी उगाच पहिली येते. पिनकोडवर गट करणं त्यापेक्षा बरं, फक्त तो आकडा म्हणून साठवलेला नसावा. नाहीतर 400709 चा 400,709 होतो आणि कोणीतरी त्याची सरासरीही काढतं. गट करताना फील्ड कीवर्ड प्रकारचंच घ्या, मजकूर शब्दाशब्दांत तोडणाऱ्या टेक्स्ट प्रकारावर ते सहसा होत नाही.

शोधओळीत कोपर* चालतं, पण अवतरणचिन्हांत घातलंत की तो तारा नुसता तारा उरतो. उघड्या तक्रारी हव्यात म्हणून not स्थिती : "बंद" लिहिलंत, तर स्थितीच न भरलेली रेकॉर्डही आत येतात, जोडीला and स्थिती : * हवंच. कुणी पिन करून ठेवलेला फिल्टर दुसऱ्या पानावरून सोबत आलाय का, तेही बघा.

यानंतर वरचा एकूण आकडा लिहून घ्या. खाली टेबलात सहसा 500च ओळी दिसतात, त्या मोजत बसू नका. लेन्समध्ये सगळ्या बारांची बेरीज, ‘इतर’ धरून, त्याच आकड्याला यायला हवी. कमी भरली तर नोड रिकामा असलेली रेकॉर्ड गळली आहेत. ग्राहकांची ‘युनिक’ संख्या मात्र मोठ्या डेटावर अंदाजे असते, ती पैशांच्या हिशेबात वापरू नका.

सर्च सेव्ह करताना नावात रेंज आणि फिल्टर दोन्ही लिहा: ‘तक्रारी, नवी मुंबई, जुलै 2025, उघड्या’.