घरचा नॅस : फायली एका जागी आणि बॅकअप दुसऱ्या जागी

घरातले फोटो एकाच्या मोबाइलमध्ये, कागदपत्रांच्या स्कॅन प्रती दुसऱ्याच्या लॅपटॉपवर आणि जुने व्हिडिओ कपाटातल्या एखाद्या पोर्टेबल डिस्कवर अशी पांगापांग झाली की हवी ती फाइल हव्या त्या वेळी सापडत नाही. नॅस म्हणजे राउटरला वायरने जोडलेला, आत एक किंवा अधिक हार्ड डिस्क असलेला छोटा संगणक. तो ही अडचण चांगली सोडवतो, कारण सगळे एका जागी राहते आणि घरातल्या कोणत्याही यंत्रावरून उघडता येते. मात्र फायली नॅसवर गेल्या म्हणजे त्यांचा बॅकअप झाला, असे अनेक जण धरून चालतात आणि मीही तसेच धरून चाललो होतो. लॅपटॉपवरची फाइल नॅसवर ठेवून लॅपटॉपवरून पुसली, तर प्रत आधीही एकच होती आणि आताही एकच आहे. बदलला तो फक्त तिचा पत्ता.

घरासाठी दोन डिस्क बसणारा नॅस बहुधा पुरतो. रेड म्हणजे अनेक डिस्क मिळून एकच म्हणून वापरण्याची पद्धत. दोन्ही डिस्क रेड १ पद्धतीने जोडल्या की एकीवर लिहिलेले सगळे त्याच वेळी दुसरीवरही लिहिले जाते, त्यामुळे ४ टीबीच्या दोन डिस्क घातल्या तरी वापरायला ४ टीबीच मिळतात. विंडोजमध्ये हा आकडा सुमारे ३.६३ दिसतो, पण त्यात फसवणूक नाही; डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. जास्त जागेच्या मोहाने रेड ० निवडू नये, कारण त्यात एक डिस्क गेली की दोन्हींवरचे सगळे जाते. डिस्क घेताना ती सीएमआर प्रकारची आहे ना, एवढे आवर्जून पाहावे. सीएमआरमध्ये माहितीचे पट्टे सुटे असतात; एसएमआर प्रकारात ते पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधले एक कौल बदलायचे तर शेजारची काढावी लागतात, तसे जुन्या जागी नवे लिहिताना आजूबाजूचे पुन्हा लिहावे लागते, आणि बंद पडलेल्या डिस्कच्या जागी नवी भरण्याचे काम फार लांबते.

रेड १ काय करत नाही, हे मला एका संध्याकाळी कळले. एकाच प्रवासाच्या फोटोंचे दोन फोल्डर नॅसवर दिसले, तेव्हा एक दुहेरी आहे असे समजून मी तो लॅपटॉपवरून पुसला. नावे सारखी होती, आतले फोटो मात्र वेगळे होते. रीसायकल बिन उघडले तर ते रिकामे, कारण नेटवर्कवरच्या फोल्डरातून पुसलेली फाइल आपल्या संगणकाच्या बिनमध्ये येतच नाही. नॅसचे स्वतःचे बिन असू शकते, पण ते मी सुरू केलेले नव्हते. दोन्ही डिस्कनी माझा हुकूम एकाच क्षणी इमानाने पाळला होता. डिस्क बिघडली तर रेड सावरतो. माणूस चुकला, व्हायरस आला किंवा यंत्रच चोरीला गेले, तर त्याचा काही उपयोग नाही.

आता जोडणीकडे वळू. नॅस राउटरला वायरनेच जोडावा आणि पहिली मोठी कॉपी करताना लॅपटॉपही वायरवर घ्यावा. गिगाबिट (म्हणजे १००० मेगाबिटच्या) जोडणीवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे ५०० जीबी सव्वा तासात जातात. वेग अकरा-बारा एमबीवरच अडकला असेल, तर आधी वायर तपासावी. गिगाबिटला वायरीतल्या चारही जोड्या लागतात; एक जोडी तुटली किंवा क्लिप नीट बसली नाही, तर जोडणी बऱ्याचदा गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते आणि तेच काम बारा तासांवर जाते. नॅसच्या नेटवर्क पानावर १००० ऐवजी १०० दिसले की दोष कुठे शोधायचा ते कळते. राउटरमध्ये नॅससाठी एक आयपी पत्ता राखून ठेवावा, नाहीतर राउटर पुन्हा सुरू झाल्यावर पत्ता बदलून मॅप केलेला ड्राइव्ह (संगणकावर ड्राइव्हसारखा दिसणारा नॅसवरचा फोल्डर) उघडेनासा होऊ शकतो.

फायली वाटून घेण्यासाठी विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींना चालणारा एसएमबी हा मार्ग निवडावा, पण त्याची पहिली आवृत्ती बंद ठेवावी. २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच जुन्या आवृत्तीतल्या दोषावर स्वार होऊन पसरला होता. घरातल्या प्रत्येकासाठी वेगळा युजर करावा आणि अॅडमिनचे खाते रोजच्या कामाला अजिबात वापरू नये. सगळ्यांचा एक सामायिक फोल्डर, प्रत्येकाचा एक खासगी फोल्डर आणि जुन्या फोटोंचा एक फोल्डर, जो सगळ्यांना पाहता येईल पण बदलता येणार नाही, एवढी मांडणी पुरते. (ही शेवटची परवानगी मी लावली ती अर्थात त्या संध्याकाळनंतर.) विंडोजची एक खोड इथे माहीत असावी. एकाच संगणकावरून एकाच नावाने किंवा पत्त्याने नॅसला ती एका वेळी दोन वेगळ्या युजरनावांनी जोडू देत नाही. पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाकारला जात असेल, तर आधीची जोडणी तोडावी, क्रेडेन्शियल मॅनेजरमधला साठवलेला पासवर्ड काढावा आणि मग पुन्हा प्रयत्न करावा.

बॅकअपचे काम दोन टप्प्यांचे आहे. पहिला टप्पा संगणकांकडून नॅसकडे. विंडोजवर फाइल हिस्ट्री आणि मॅकवर टाइम मशीन हे काम स्वतःहून करतात. टाइम मशीन मिळेल तेवढी जागा व्यापत जाते, म्हणून त्याच्या फोल्डरला जागेची मर्यादा घालून द्यावी. बॅकअपच्या फोल्डरचा युजर वेगळा ठेवावा (विंडोजची वरची खोड आड येऊ नये म्हणून इथे नॅसच्या नावाऐवजी त्याचा आयपी पत्ता द्यावा) आणि तो फोल्डर ड्राइव्ह म्हणून मॅप करू नये, कारण खंडणीखोर व्हायरस संगणकाला जे जे उघडता येते ते सगळे कुलूपबंद करतो. यावर स्नॅपशॉटची, म्हणजे त्या क्षणी फायली जशा होत्या तशा नॅसवरच जपून ठेवण्याची, जोड द्यावी. स्नॅपशॉट घेतल्यावर फाइल बदलली किंवा पुसली तरी तिचे जुने तुकडे डिस्कवर तसेच राहतात आणि जागा फक्त बदलांपुरतीच लागते. रोज एक स्नॅपशॉट घेऊन महिनाभराचे ठेवले, तर माझ्यासारखी चूक दोन मिनिटांत निस्तरते. अनेक नॅसवर ही सोय डिस्कवर फायली मांडण्याची बीटीआरएफएस किंवा झेडएफएस ही पद्धत निवडल्यासच मिळते आणि ती निवड डिस्क पहिल्यांदा तयार करतानाच करावी लागते. नंतर बदलायचे तर सगळे रिकामे करावे लागते.

दुसरा टप्पा नॅसकडून बाहेर, आणि आळस नेमका इथेच होतो. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर हा ३-२-१ चा नियम छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी रूढ केला. घरच्या मापाने तो असा पाळता येतो : दोन यूएसबी डिस्क घ्याव्यात, आठवड्यातून एकदा त्यांतली एक नॅसला लावून बॅकअप घ्यावा, दुसरी विश्वासातल्या नातेवाइकांकडे ठेवावी आणि दर महिन्याला अदलाबदल करावी. काम झाल्यावर डिस्क काढून ठेवावी, कारण जोडलेलीच नसलेली डिस्क व्हायरसला गाठता येत नाही. बाहेर जाणारी डिस्क एन्क्रिप्ट करावी, म्हणजे किल्लीशिवाय (पासवर्डशिवाय) ती वाचता येत नाही, आणि ती किल्ली कागदावर लिहून ठेवावी. ती नॅसवरच ठेवणे म्हणजे तिजोरीची चावी तिजोरीत ठेवण्यासारखे आहे.

बाहेरगावाहून फायली हव्या असतील, तर राउटरमध्ये नॅससाठी पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत येण्याची वाट, उघडू नये; वायरगार्डसारखा व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी रस्ता) लावून घरात शिरावे. अचानक वीज जाऊन लिहिणे अर्धवट राहू नये म्हणून यूपीएस घ्यावा आणि त्याची यूएसबी वायर नॅसला जोडावी, म्हणजे नॅस वेळेत स्वतःहून बंद होतो. डिस्क बिघडू लागल्याची सूचना ईमेलने यावी अशी सोय करून एक चाचणी ईमेल पाठवून पाहावा.

दर महिन्याला अदलाबदलीच्या दिवशीच बॅकअपमधली एखादी जुनी फाइल परत आणून ती उघडते का ते पाहावे. वर्षातून एकदा ती यूएसबी डिस्क नॅसला न लावता थेट लॅपटॉपला लावावी. नॅसने ती लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीने तयार केली असेल, तर विंडोज ती वाचत नाही आणि फॉरमॅट करू का असे विचारते. घाईत हो म्हटले की बॅकअप गेला. काही बॅकअप अॅप तर आपल्याच वेगळ्या साच्यात लिहितात आणि त्यांच्या अॅपशिवाय काहीच दिसत नाही. नॅसचा बोर्डच जळेल त्या दिवशी हातात ही डिस्क आणि लॅपटॉप एवढेच उरणार असल्याने, ती उघडायला कोणते अॅप आणि कोणती किल्ली लागते ते किल्लीच्याच कागदावर लिहावे, आणि तो कागद कुठे आहे ते घरातल्या आणखी एकाला तरी सांगून ठेवावे.